बसायची परवानगी

वात जरा वर करा, मग सांगतो. गोष्ट भीतीची आहे, पण ती सुरू झाली तेव्हा आम्ही ड्रायव्हर मंडळी वरातीला निघाल्यासारखी खुशीत होतो, हे आधीच सांगून ठेवतो.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झालेला, आणि वरून दुष्काळ. नांदेडहून लातूरकडे जाताना माळाकोळीच्या पुढे हद्दीची नवी पाटी रोवली होती. तिथेच आमच्या मलप्पाच्या छातीत कळ आली. गाडी कडेला नीट लावून तो खाली उतरला, पाटीखाली आडवा झाला आणि उठलाच नाही. अलीकडचे म्हणाले, पंचनामा पलीकडच्यांनी करावा. पलीकडचे म्हणाले, आमचं दप्तर अजून जुन्या जिल्ह्यातून यायचं आहे. या टोलवाटोलवीत मलप्पा ताडपत्रीखाली तसाच पडून राहिला.

आम्ही लिंगायत. आमच्यात मेलेल्या माणसाला आडवं पुरत नाहीत. मांडी घालून बसवतात, हातात इष्टलिंग देतात आणि तसंच मातीआड करतात. पण मलप्पाचं अंग लाकडासारखं ताठलेलं. विधी करायला आलेल्या जंगमांनी आणि त्याच्या धाकट्या भावानं, ईश्वरप्पानं, पुष्कळ खटपट केली, पण गुडघे वळेनात. उन्हामुळे थांबायचीही सोय नव्हती. शेवटी पाटीशेजारच्या पडीक रानात त्याला आडवाच ठेवला. तेव्हापासून ईश्वरप्पाची झोप उडाली. डोळा लागला की भाऊ म्हणायचा, "पाठ दुखून राहिली रे."

खड्डा उकरून मलप्पाला रीतसर बसवायचं तर सरकारची परवानगी लागते. ती कुणी देईना. कारण तेच, हद्द कुणाची? ईश्वरप्पा दिवसेंदिवस वाळत चाललेला आम्हाला बघवेना. मग आम्ही डोकं चालवलं. रस्ता अडवला तर लाठी पडते, पण चालत्या गाडीला कोण काय करणार? चालायचं, पण गोगलगायीला लाज वाटेल असं. गाडी थांबवायची नाही आणि पाण्याच्या टँकरशिवाय कुणाला साइड द्यायची नाही.

सकाळी विष्णुपुरीहून निघालो. सगळ्यांत पुढे ईश्वरप्पा, भावाचाच ट्रक घेऊन, एकटा. त्याच्यामागे मी आणि माझ्यामागे नजर पोचेल तिथवर ट्रकच ट्रक. काय सांगू तुम्हाला, अंगावर मूठभर मांस चढलं होतं. इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं कुंपणावर चढून टाळ्या वाजवत होती. लोह्यात रिकाम्या घागरी घेऊन बसलेल्या बायासुद्धा उठून हात करायला लागल्या. मागे एसट्या, जीपगाड्या आणि भोंग्यांचा नुसता गदारोळ. जन्मभर रस्त्यानं आम्हाला पळवलं होतं, त्या दिवशी आम्ही रस्त्याला रांगायला लावलं. मी तर स्टेअरिंगवर ताल धरून गात होतो.

माळाकोळी मागे पडली तसा दिवस कलला. वारा बसला. धुळीतून पुढच्या ट्रकचा फक्त मागचा फळका दिसत होता. जळक्या डिझेलच्या वासात मधेच ओल्या मातीचा वास आला. विहिरींचे तळ भेगाळले होते, तिथे ओली माती कुठून येणार? मी डावीकडे झुकून काचेतून पाहिलं. पुढच्या ट्रकच्या डाव्या खिडकीतून, क्लीनरच्या बाजूनं, एक हात बाहेर आला होता. तळवा खाली करून तो खुणावत होता… सावकाश… सावकाश. वाटेत कुणी ओळखीचा चढला असेल, असं मला वाटलं. ईश्वरप्पाला सोबत झाली म्हणून बरंही वाटलं.

एवढ्यात मागच्या जीपमधून जिल्हा कचेरीतले एक साहेब उतरले. लातूरला नव्यानं बदलून आलेले, पुण्याकडचे. तरातरा चालत ते माझ्या ट्रकच्या पुढे निघून गेले. पायी माणूस ट्रकला मागे टाकतोय हे बघून मला हसू आवरेना. पुढच्या ट्रकच्या डाव्या खिडकीला धरून चालत चालत ते काहीतरी बोलले आणि रुमालानं मान पुसत माझ्याकडे आले.

"तुमच्या माणसाला शब्द दिलाय मी," साहेब म्हणाले. "फार शांत गृहस्थ आहेत. खिडकीवर हात ठेवून एवढंच म्हणाले, साहेब, आम्हा दोघांना बसायची परवानगी द्या. मी म्हटलं, दिली. उद्या कचेरीसमोर मांडव घाला आणि खुशाल बसा. आता जरा गाड्या हाका."

साहेबांना वाटलं होतं, धरणं धरायचं आहे. आमच्यात बसणं म्हणजे काय, हे पुण्याच्या माणसाला कुठून कळणार? मी ते सगळं त्यांना समजावून सांगितलं. त्यांचा चेहरा पडला, पण माणूस सज्जन. दिलेला शब्द मोडणार नाही आणि स्वतः समोर उभा राहीन, असं म्हणाले. मी भोंगा दाबला तो सोडलाच नाही. मागच्या साऱ्या गाड्यांनी तो उचलून धरला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. 'दोघांना' हा शब्द कानावर पडला होता, पण आनंदाच्या भरात डोक्यात शिरला नाही.

पाटीपाशी थांबायचं आधीच ठरलं होतं. ईश्वरप्पा खाली उतरला. एवढे भोंगे कशाला, म्हणून बावरून बघत होता; साहेब खिडकीशी येऊन गेल्याचंही त्याच्या गावी नव्हतं. मी त्याला मिठी मारली आणि म्हटलं, तुझ्या सोबत्यानं काम फत्ते केलं बघ.

"सोबती कोन?" ईश्वरप्पा म्हणाला. "मी एकटाच हाय, वीरण्णा."

"आन् डावीकडं कोन बसलंय?"

त्यानं वळून केबिनकडे पाहिलं. "डावीकडं तर मी बसायचो… अण्णा गाडी चालवायचा तवा."

मी फूटबोर्डवर चढून आत पाहिलं. सीट रिकामी होती आणि केबिनमध्ये ओल्या मातीचा वास कोंडला होता. पण आता माघार कशी घ्यायची? एवढी माणसं जमलेली, साहेब कबूल झालेले, कंदील पेटलेले. कुणीतरी कुदळ आणली आणि आम्ही रानात शिरलो.

माती भुसभुशीत निघाली. वरचा थर सरला आणि उकरणाऱ्याचा हात थांबला.

मलप्पा बसला होता. मांडी घालून, पाठ ताठ. तोंडावरचं फडकं जागचं हललेलं नव्हतं. सगळ्यांनी जोर लावूनही जे गुडघे वळले नव्हते, ते घरच्या ओट्यावर बसल्यासारखे वळले होते. साहेबांनी कंदील खाली धरला. मलप्पाच्या डाव्या मनगटावर नंदी गोंदलेला होता.

"हाच…" साहेबांनी बोट दाखवलं. "हाच हात खिडकीवर होता."

खड्डा आम्ही आडव्या माणसाच्या मापाचा खणला होता. मलप्पा त्यात उजव्या अंगाला सरकून बसला होता. त्याच्या डाव्या हाताला जागा होती. खडे वेचून, माती दाबून, सारवल्यासारखी साफ केलेली. एक माणूस मांडी घालून बसेल एवढी… आणि ओली.

आता मला 'दोघांना' आठवलं. साहेबांनाही आठवलं असावं, कारण त्यांनी ईश्वरप्पाकडे बघायचं टाळलं. ईश्वरप्पा मात्र त्या जागेकडेच बघत होता. त्यानं हात जोडले.

"सायब, दिलेली परवानगी माघारी घेता येती का?"

साहेबांनी कंदील खाली ठेवला. सवयीनं तोंडातून निघालं ते असं, "ज्यानं मागितली… त्याचं म्हणणं ऐकावं लागेल."

सगळे गप्प झाले. रातकिडासुद्धा वाजत नव्हता. मी कानात प्राण आणून ऐकलं, देवाशपथ सांगतो, मला काही ऐकू आलं नाही. कुणालाच आलं नाही.

ईश्वरप्पानं खड्ड्याच्या बाजूनं मान कलती केली. लहानपणी मोठ्या भावाचं ऐकायचा तशी. मग हळूच म्हणाला,

"त्यो न्हाई म्हणून राहिला."