मागच्या चाकाचा दगड

झूराने एकदम दहा काड्यापेट्या मागितल्या तेव्हा दुकानदारीण डोळे वटारून म्हणाली, “दहा? नवऱ्याला जाळतेस की काय?”

“त्याला कशाला? परीक्षकाला!” झूरा म्हणाली, आणि दोघी हसल्या.

खरे तर हसण्यासारखे त्यात काही नव्हते. तिचा नवरा मेदेर वसंतात कोळशाने भरलेल्या लॉरीवरून पडला आणि कंबर मोडून अंथरुणाला खिळला. नारीनच्या त्या डोंगराळ मुलखात हिवाळ्यापूर्वी गावोगाव कोळसा पोचवला तरच लॉरीवाल्याची चूल पेटते. लॉरी दारात उभी होती, चालवणारे कोणी नव्हते. म्हणून झूरा परवान्याच्या मागे लागली आणि दोनदा नापास झाली. दोन्ही वेळा घोडे एकाच ठिकाणी अडले. चढावर रेघेशी थांबायचे, मग ब्रेक सोडून वीतभरही मागे न घसरता लॉरी वर काढायची. उद्या तिसरी परीक्षा होती. तीही गेली तर पुढची संधी बर्फ वितळल्यावर, म्हणजे वरातीमागून घोडे.

तिला शिकवत होते सादिर-आके; वडीलधाऱ्या पुरुषाला तिकडे ‘आके’ म्हणतात. मेदेरचेही गुरू तेच. सत्तरी गाठलेले, उभा जन्म घाटात घालवलेले आणि जिभेने तिखट. घाटाच्या चढावर लॉरी उभी करायची आणि मागच्या चाकाला चिकटून काड्यापेटी ठेवायची, ही त्यांची जुनी रीत. पेटी शाबूत राहिली तर पास.

त्याच वळणावर एशिमची खूण होती. अपघातात गेलेल्या त्या ड्रायव्हरच्याच लॉरीचे स्टिअरिंग लोखंडी खांबावर बसवले होते. तिथून जाणारा प्रत्येक जण दोनदा हॉर्न वाजवी आणि मृतासाठी दुआ म्हणून चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवी. सादिर-आके तेवढे कधी वाजवत नसत. ते दरीकडे तोंड करून बसत. झूराच्या ते ध्यानात आले होते, पण म्हाताऱ्या माणसाला असले काही विचारायचे नसते.

दुपारपर्यंत नऊ पेट्या चिरडल्या.

“सूनबाई, क्लच अर्धा सोड. गाडी थरथरली की मग ब्रेक. हातापायांत भांडण लावू नकोस!”

“मी कुठं लावतेय आके? त्यांचं आधीपासूनच वाकडं आहे.”

म्हातारा मिशीत हसला. दहावी पेटी चाकाशी ठेवून म्हणाला, “नमाजाची वेळ झाली. वर झऱ्यावर हातपाय धुऊन येतो. ही शेवटची आहे. मी येईपर्यंत हलू नकोस.”

ते वर गेले आणि थोड्याच वेळात डोंगरावरून धुके उतरले. आधी झऱ्याची वाट गेली, मग खांबावरचे स्टिअरिंग गेले, मग लॉरीचे नाकही दिसेना. भर दुपारी झूराने दिवे लावले. ओल्या कोळशाचा वास येऊ लागला. लॉरी तर रिकामी होती. इंजिनाच्या घरघरीखाली मागून एक आवाज आला. खर्र... खर्र... चाकामागे दगड सरकवल्याचा. ड्रायव्हरच्या बायकोला तो झोपेतही ओळखता येतो.

“आके?”

“लावलाय, ताई...” आवाज तरुण होता. “सोड ब्रेक.”

कुणी वाटसरू ड्रायव्हर थांबला असेल, असे तिला वाटले. तिने ब्रेक सोडला. लॉरी केसभरही मागे आली नाही. सरळ वर चढली.

आभार मानायला झूरा खाली उतरली. मागे माणूस नव्हता, दुसरी गाडीही नव्हती. रस्त्यात खरबुजाएवढा दगड होता, पाण्याने निथळणारा, त्यावर तांबड्या रंगाचा पट्टा. आणि दगडावर दहावी काड्यापेटी, कोरडी, शाबूत.

सादिर-आके धुक्यातून आले, दगड पाहिला आणि रस्त्यातच बसले.

“कुणी ठेवला?”

“होता कुणीतरी... मला ताई म्हणाला.”

म्हाताऱ्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, “चढावर थांबलो की चाकामागं दगड लावतो आपण. निघताना तो रस्त्यातनं उचलून ठेवायचा, हा आपला धर्म. त्या दिवशी असंच धुकं होतं. थंडीनं बोटं वळत नव्हती. म्हटलं, एक दिवस नाही उचलला तर काय आभाळ कोसळणार आहे... मागून एशिम येत होता. चोवीस वर्षांचं पोर. दगडावर चाक चढलं नि गाडी दरीत गेली.” त्यांनी त्या पट्ट्याकडे बोट केले, हात लावला नाही. “पट्टा मीच ओढलेला, माझा दगड ओळखू यावा म्हणून. हा दगड मी माझ्या हातांनी नदीत टाकला, सूनबाई. एकतीस वर्षं झाली. कुणाला बोललो नाही.”

झूराला त्यांचा राग आला आणि कीवही आली. तिने दगड कडेला लोटला, वळणावर दोनदा हॉर्न वाजवला.

“तुम्हीही वाजवा ना, आके.”

“कुठल्या तोंडानं वाजवू?”

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन होते. परीक्षेच्या मैदानात सिमेंटचा चढ, शेजारी कागद घेऊन परीक्षक. झूरा रेघेशी थांबली. मागून आवाज आला. खर्र...

“लावलाय, ताई...”

परीक्षकाने मान वर केली नाही. नुसता ब्रेक सोडायचा अवकाश होता. मेदेरचे औषध, घरातली चूल, सगळे त्या दगडाला टेकून होते. पण उद्या घाटात भरलेली लॉरी घेऊन ती कुणाच्या जिवावर थांबणार होती? आणि निघताना हा दगड कोण उचलणार होते?

“काढ तो, भाऊ,” ती ओठांतल्या ओठांत म्हणाली. “मी चढवते. ज्याचा आहे त्याला दे.”

“काही म्हणालात?” परीक्षकाने विचारले.

“नाही.”

खर्र... आवाज दूर गेला. तिने क्लच अर्धा सोडला. लॉरी थरथरली. मग ब्रेक. चाक बोटभरही मागे आले नाही.

“पास,” परीक्षक म्हणाला. झूराला रडूच कोसळले.

ताजी रोटी घेऊन ती तडक सादिर-आकेंच्या घरी गेली. चिमणीतून धूर निघत होता. बाहेर उन्हाने डोळे दिपत होते, पण खिडकीच्या काचेआड, घराच्या आत, पांढरे धुके भरले होते. दाराला बाहेरून तांबड्या पट्ट्याचा दगड लावलेला होता, ओला, चाकाला लावतात तसा घट्ट. ज्याचा आहे त्याला दे. आपणच म्हणालो होतो, हे तिला आठवले आणि ती दाराकडे धावली.

“आके! मी आलेय! थांबा, दगड काढते!”

“नको, सूनबाई...” आतून आवाज आला, शांत, थकलेला. “तो मलाच उचलायचाय...”

तिच्या डोळ्यांसमोर दगड सरकला. खर्र... खर्र... उंबऱ्यापासून अंगणाच्या कडेपर्यंत. तिथे थांबला.

दार उघडले. धुके तिच्या पायांवरून बाहेर गेले. आत चहाच्या वाडग्यातून वाफ निघत होती. माणूस नव्हता. आणि घाटाच्या बाजूने लॉरीचा हॉर्न ऐकू आला, दोनदा.

सादिर-आके पुढे कुणालाही दिसले नाहीत. झूरा आता भरलेली लॉरी घाटातून नेते, वळणावर दोनदा हॉर्न वाजवते. मात्र धुके असले की चढावर थांबायला ती धजत नाही. तेव्हा एकाच चाकामागून आवाज आला होता. आता दोन्ही चाकांमागून येतो, एक ‘ताई’ म्हणतो, दुसरा ‘सूनबाई’.