दोन डब्यांमधली फट

दोन डब्यांमधली फट हवी होती त्याच्या जवळजवळ दुप्पट होती. तिनं भिंग धरून पुन्हा पुन्हा मोजली. बाकी सगळं हिशेबात बसलं होतं – रूळ, सांधे, चिमुकला फलाट, इंजिनाचं धुराडं. फट तेवढी ऐकत नव्हती.

"मोजून लहान होणार आहे का ती?" समोरून दातांचा डॉक्टर म्हणाला.

"तुम्ही चिमटा धरा. बोलू नका."

"माझ्या पेशंटना बोलता येत नाही, म्हणून मलाच दोघांचं बोलायची सवय लागलीय."

ती हसली नाही, पण भिंग मात्र जरा हललं.

ओळख झाली होती मॉडेलच्या सामानाच्या दुकानात. छोट्या हुकांचं शेवटचं पाकीट, त्याचं एक टोक तिच्या हातात, दुसरं त्याच्या. "तुम्हाला कशाला हवंय?" असं त्यानं विचारलं आणि तिनं त्या अनोळखी माणसाला सगळं सांगून टाकलं. बाबा गेले. दुसऱ्या शहरातली प्रयोगशाळा नोकरीला बोलावतेय. ताईनं स्वतःच्या घराजवळच एक खोली बघून ठेवलीय, पण तिथं बाबांच्या खेळातल्या रेल्वेची दाराएवढी फळी मावणार नाही. म्हणून त्यांचं शंटिंग यार्ड, डबे जोडायचं-सोडायचं ते, निम्म्या मापात करायचंय, बॅगेत बसेल असं.

त्यानं पाकीट सोडलं. "घ्या. पण बघायला येऊ द्या."

तेव्हापासून दर रविवारी तो येत होता. हातांना लवंगेच्या तेलाचा मंद वास. जुनी फळी अजून टेबलावरच होती आणि तिच्याच एका कोपऱ्यात नवं यार्ड उभं राहत होतं. डबे इतके हलके, की ते रुळावर ठेवताना दोघंही श्वास रोखायचे. हल्ली डबा हातात नसतानाही तिचा श्वास अडकायचा… मुख्यतः जिन्यात त्याची पावलं वाजली की.

खेळ साधा होता. एकानं चिठ्ठ्या काढून डब्यांचा क्रम सांगायचा, दुसऱ्यानं इंजिन मागंपुढं करून तो लावायचा. चिठ्ठ्या बाबा काढायचे, इंजिन ती चालवायची. आता दोन्ही तीच करत होती. चिठ्ठी मोठ्यानं वाचायची सवय तेवढी सुटली नव्हती. रिकाम्या घरात स्वतःचाच आवाज ऐकून ती दचकायची.

"इंजिन आणि एक डबा शेवटच्या फाट्यावर मावायला हवा," ती म्हणाली. "मावत नाहीये. डबा सांध्यावर अडकतो."

"का?"

"मी सगळ्याला दोननं भागलं. पण हूक बोटांनी सोडवायचा असतो, तो होता तेवढाच ठेवावा लागला. बोटं कुठं निम्मी झालीत?" तिनं भिंग खाली ठेवलं. "लॅबमध्ये कुणाला सांगू नका."

"एक डबा कमी केला तर?"

"मग कोडंच उरत नाही. फळी चार बोटं लांब हवी."

"मग बॅगेत…"

"नाही बसणार."

तो लाल डब्याचं चाक उगाच फिरवत राहिला. शेवटी हळूच म्हणाला, "तुम्ही गेलात की रविवारी मी कुठं जाऊ, हे मी विचारणार नव्हतो."

"मग का विचारलंत?"

"तोंडातून निघालं –"

तेवढ्यात फोन वाजला. तिची बोटं गोंदानं माखलेली. तिनं कोपरानंच स्पीकर लावला.

"काय गं, कळवलंस का त्यांना?" ताईचा आवाज खोलीभर झाला. "उद्या शेवटचा दिवस. किती दिवस हे भिजत घोंगडं ठेवणार आहेस? आणि तिथं तुझं आहे तरी कोण?"

डॉक्टर उठला. निघतो, अशी खूण केली. चिमटा जागच्या जागी ठेवला, अगदी नीट.

तिनं चिठ्ठ्यांची डबी त्याच्याकडं सरकवली आणि जुन्या, मोठ्या इंजिनावर हात ठेवला.

"काढा," ती म्हणाली.

तो उभाच राहिला. मग बसला. तीन चिठ्ठ्या उलगडल्या, घसा साफ केला. "आधी लाल. मग… हिरवा. मग टाकीचा."

त्या घरात चिठ्ठी दुसऱ्या कुणाच्या आवाजात वाचली गेली, त्याला किती काळ लोटला होता.

"कोण आहे गं तिथं?" ताईनं विचारलं.

इंजिन हललं. लाल डब्याला जाऊन हलकेच टेकलं.

"ताई," ती म्हणाली, "मी येत नाहीये. मी इथंच राहणार आहे."