नऊ वाल

ही गोष्ट खरी आहे. रचून सांगायची असती, तर मी तिच्यात स्वतःला इतकं वाईट दाखवलं नसतं.

२०२४ चा सप्टेंबर. पितृपक्षातली दशमी. इटलीच्या बंदराला लागलेलं एक मोठं प्रवासी जहाज, आणि त्यात सहाव्या मजल्यावरची आमची खोली. खोलीत मी, माझी बायको ऋतुजा आणि आमची अकरा वर्षांची दिशा.

मी रोह्याला हायस्कुलात इतिहास शिकवतो. वीस वर्षं ग्रीस आणि रोम खडूने फळ्यावर काढतोय. त्यामुळे कुटुंबांसाठीच्या त्या अभ्याससहलीची जाहिरात वाचली आणि माझा जीव तिच्यात अडकला. जहाजाने फिरत ग्रीस-रोमची जुनी ठिकाणं बघायची, सोबत शिकवायला प्राध्यापक, रोज संध्याकाळी मुलांसाठी वर्ग.

मास्तराच्या पगारात हे बसत नाही. पेणजवळच्या गडबचं शेत विकलं, त्यात बसलं.

ते शेत हौसाआत्याचं होतं. म्हणजे कागदावर तिच्या एकटीचं नव्हे, पण राबणारी ती एकटीच. माझ्या वडिलांची ही बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला, पदरात मूल नाही, ती माहेरी गडबला परत आली आणि पन्नास वर्षं त्या जमिनीत वाकून उभी राहिली. पावसाळ्यात भात, भात निघालं की वाल. बियाण्याचे वाल राखेत घोळून एका मडक्यात ठेवायची. त्या मडक्याला घरातल्या कुणाची हात लावायची टाप नव्हती.

तिथे गोदाम होणार होतं. मी हक्क सोडल्याचा कागद पुढे केला. तिने वाचायला मागितलं नाही. अंगठा लावला, पदराला पुसला आणि एवढंच विचारलं,

"हरेश, मना पोर नाय, बाळ नाय. मेल्यावर पितरांच्या दिवसांत माजं पान वाढशील ना रे?"

"वाढीन गो आत्या. हे काय विचारणं झालं?"

मग ती मडकं घेऊन आमच्या रोह्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आली. तिची एक जुनी सवय होती. बाहेरून आली की दारात उभी राहायची आणि खाकरायची. दार सताड उघडं असलं तरी. आतून कुणी "ये" म्हटलं की मगच उंबरा ओलांडायची.

"अगं, तुझंच घर आहे," मी म्हणायचो.

ती नुसती हसायची. घर कुणाचं आहे, ते तिला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्याच वर्षी, ज्येष्ठातल्या दशमीला ती गेली. वर्षश्राद्ध मी नीट केलं. आता तिचं पितृपक्षातलं पहिलं पान वाढायचं होतं.

आणि जहाज नेमकं त्याच पंधरवड्यात निघत होतं.

"आत्यांच्या दशमीचं काय?" ऋतुजाने विचारलं.

"सर्वपित्रीच्या आत परत येतोय ना आपण? तेव्हा सगळ्यांचंच एकदम करू," मी म्हणालो. वर हसून म्हणालो, "पितर काय पळून जातात?"

हे वाक्य माझं आहे. मीच बोललो ते.

निघायच्या आधी सहलवाल्यांचा मेल आला. मुलांच्या एका खेळासाठी प्रत्येक कुटुंबाने आपल्या भागातलं मूठभर कडधान्य आणावं. मला तर भरतं आलं. आपल्या गडबचे वाल थेट रोमला! मी स्वतः मडक्यात हात घातला. राखेतून मूठभर वाल काढले, पुसले आणि दिशाच्या पिशवीत भरले.

शाळेत आजारपणाची रजा टाकली आणि आम्ही निघालो.

पहिले दिवस छान गेले, खोटं कशाला सांगू? अथेन्सला त्या खांबांखाली उभा राहून मी रडलो. दिशा वहीत चित्रं काढत होती.

मग दशमी उजाडली.

त्या सकाळी रोमजवळ जुन्या बंदरातली थडगी बघायला नेलं. शिकवणाऱ्या इंग्रज बाईंनी एका थडग्यापाशी थांबवलं. जमिनीतून मातीची एक नळी वर आली होती.

"यातून मेलेल्यांना जेवण द्यायचे," बाई म्हणाल्या. "दारू, मध, पाणी. ज्यांना कुणी जेवू घालत नाही ते भटकतात, असं हे लोक मानायचे."

माझ्या मनगटावरचं घड्याळ मी मुद्दाम आपल्या वेळेवर ठेवलं होतं. सहज बघितलं.

अडीच.

गडबला पान वाढायची वेळ टळून गेली होती.

हातात पाण्याची बाटली होती. वाटलं, घोटभर ओतावं तिच्या नावाने. परक्याच्या थडग्यात का होईना. पण रांग पुढे सरकली. लोक काय म्हणतील म्हणून मीही सरकलो.

त्या संध्याकाळी मुलांचा तो खेळ होता.

रोमन लोकांचा एक जुना विधी. घरात शिरलेल्या मेलेल्यांना बाहेर काढायचा. घरच्या कर्त्याने अनवाणी चालायचं आणि पाठीमागे एकेक दाणा टाकायचा. नऊ दाणे. मागे वळून बघायचं नाही, कारण मेलेला माणूस मागून ते दाणे वेचत येतो. मग काशाची भांडी वाजवायची आणि नऊ वेळा म्हणायचं, घरच्या पितरांनो, आता निघून जा.

"तुमच्या घरच्या भाषेत म्हणा," बाई मुलांना म्हणाल्या. "पितरांना तीच कळते."

मुलांच्या मदतीला आईबाप बसले. दिशाच्या वहीत ते वाक्य मी लिहून दिलं. माझ्या अक्षरात.

तिने वाचलं आणि माझ्याकडे बघितलं.

"बाबा, 'जा' म्हणू? आत्याआजी म्हणायची, कुणाला जा म्हणू नये गो, ये म्हणावं."

"अगं, खेळ आहे."

"आणि हे तिचेच वाल आहेत."

"दिशा, सगळे थांबलेत. चल."

दिवे मंद केले. सगळी पोरं हसत-खिदळत चालत होती. दिशा हसत नव्हती. अनवाणी, मान खाली घालून, एकेक वाल मागे टाकत चालली होती. मग मुलांनी ताटल्यांवर चमचे बडवले. त्या गोंगाटातही मला तिचा आवाज वेगळा ऐकू आला.

"घरच्या पितरांनो, आता निघून जा."

नऊ वेळा म्हणाली. मी मोजलं.

दिवे लागले. गालिच्यावर सगळीकडे दाणे. पांढरे, काळे, लाल राजमा. मुलं गोळा करायला लागली. मी दिशाचे वाल शोधू लागलो...

एकही नव्हता.

टेबलांखाली बघितलं. खुर्च्या सरकवून बघितल्या. राजमा सापडत होता, वाल नाही.

"कुणीतरी उचलले," दिशा म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "माझ्या मागे कुणीतरी वाकत होतं, बाबा. दर वेळी... गुडघा कटकन वाजायचा."

आत्याचा उजवा गुडघा वाजायचा. वाकली की, दर वेळी.

"कुणाचा तरी बाप असेल," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी जहाज पाण्यात होतं. ऋतुजा नाश्त्याला वर गेली होती. खोलीत मी आणि दिशा. बाहेर लख्ख ऊन. माझ्या घड्याळात बाराला पाच कमी होते.

आधी बाहेरच्या बोळातले आवाज थांबले. ट्रॉल्या, पोरं, साफसफाईचं यंत्र... सगळंच एकदम बंद.

मग पावलं आली. अनवाणी, सावकाश. आमच्या दाराशी येऊन थांबली.

दार कुणी वाजवलं नाही.

कुणीतरी... खाकरलं.

ते खाकरणं मी चाळीस वर्षं ऐकलेलं होतं.

दिशाने तोंड उघडलं. ती "ये" म्हणणार होती. ते मला दिसलं, म्हणूनच मी झडप घातली आणि तिच्या तोंडावर हात दाबला.

पुन्हा खाकरणं आलं. या वेळी हळू, संकोचाने. आपण चुकीच्या घरी आलो की काय असं वाटावं तसं.

मी गप्प राहिलो.

नुसतं "ये" म्हणायचं होतं हो. एवढंसं तर होतं. जिच्या जमिनीवर मी जग बघत फिरत होतो, तिला दारातून आत घ्यायची माझी छाती झाली नाही.

गुडघा कटकन वाजला. पावलं वळली आणि लांब गेली. बोळातले आवाज परत सुरू झाले.

मी दार उघडलं. बाहेर गालिच्यावर चिमूटभर राख पडली होती.

घरी आलो आणि सर्वपित्रीला सगळं यथासांग केलं. आजोबा, आजी, आई, वडील, आत्या, अशी पाच पानं गच्चीवर मांडली. खीर, वडे, भोपळ्याची भाजी, आणि आत्याच्या पानावर तिला आवडायची ती वालाची उसळ.

कावळा आला नाही.

शेजारच्या गच्चीवर दहा-बारा कावळे तुटून पडले होते. आमच्याकडे एकही फिरकेना. मी पानं तिकडच्या कठड्याला लावून ठेवली. ते उठले आणि लांब जाऊन बसले. संध्याकाळपर्यंत पाचही पानं तशीच होती. आई-वडिलांचीसुद्धा.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मी वहीत 'आत्या' लिहिलं नव्हतं. 'पितरांनो' लिहिलं होतं. सगळ्यांनाच घराबाहेर काढलं होतं.

पुढच्या वर्षी दशमीला बरोबर बाराच्या ठोक्याला पान वाढलं. तेही तसंच राहिलं.

या जानेवारीत मी पेणहून परत येताना गडबला उतरलो. का, ते सांगता येत नाही. गोदामाच्या भिंतीला लागून मातीची हातभर पट्टी उरली आहे. तिथे वालाचे वेल होते, शेंगांनी लगडलेले.

मोजायची गरज नव्हती. तरी मोजले.

नऊ.

गोदामाचा राखणदार सखा, खाडीकडच्या गावातला साठीचा माणूस, बिडी ओढत बसला होता. मी विचारलं, हे कुणी लावले?

"एक म्हातारी येतं दुपारची. गेल्या साली नवच वेल व्हतं, औंदा पन नवच. वाकतं, माती सारखी करतं, जातं. मी बोल्लो, आजे, उनाची कनाला येतंस? घरी बस ना."

"मग?"

"बोल्ली, घर हाय रे, पन जाव कशी? नातीनं नऊ वेला सांगलंय, निंगून जा."

हे इथे आम्हा तिघांशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

मी त्या भिंतीपाशी उभा राहून मोठ्याने म्हणालो, "आत्या, चल. घरी ये." सखा माझ्याकडे बघत राहिला. वेल हलले नाहीत. गोदामात ट्रक मागे घेत होते, तेवढाच आवाज.

इथवर असतं तर मी हे लिहिलंच नसतं. आपण केलं, आपण भोगावं.

पण दिशा...

ती आता तेरा वर्षांची आहे. या उन्हाळ्यापासून ती शाळेतून आली की सरळ घरात येत नाही. दारात उभी राहते. दार उघडं असतं, पाठीवर दप्तर असतं.

आणि खाकरते.

"ये," म्हटलं की आत येते. विचारलं तर म्हणते, "असंच." ऋतुजा म्हणते, वय असतं एकेक, लक्ष देऊ नका.

गेल्या मंगळवारी मी मुद्दाम गप्प राहिलो. बघू तर, म्हणून. ती खाकरली. थोडं थांबली. पुन्हा खाकरली, हळू, संकोचाने. मग वळली आणि जिना उतरायला लागली.

मला वाटलं, खालपर्यंत जाऊन येईल. पाच मिनिटं झाली. दहा झाली. मी अनवाणी धावत सुटलो. ती एसटी स्टँडवर सापडली. नागोठण्यावरून पेणला जाणाऱ्या गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवून उभी होती.

"कुठे निघालीस?" मी ओरडलो.

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. परक्या माणसाकडे बघावं तसं.

"गडबला," ती म्हणाली. "तुम्ही ये म्हणाला नाहीत."

आता शाळा सुटल्यावर मी कुठे थांबत नाही. मीटिंग असली तरी उठतो. ती यायच्या आधी घरी पोचतो आणि दारासमोर खुर्ची टाकून बसतो. जिन्यात पाऊल वाजलं, कुणाचंही असो, की म्हणतो, ये.

एखाद्या दिवशी मला उशीर होईल.