रिकाम्या जात्याचा आवाज

ही गोष्ट दोन हजार बावीस सालच्या मार्गशीर्षातली. वेल्ह्याकडच्या पासली गावात भातं झोडून झाली होती, घरांमागे पेंढ्याच्या उडव्या लागल्या होत्या, आणि माझा मुलगा विराज तिथं दगडाचा आवाज आणायला निघाला होता.

आधी आमच्या घरातल्या आवाजाबद्दल सांगते. माझे यजमान दीनानाथ भोरच्या कचेरीत नोकरीला होते. वाल्वचा ॲम्प्लिफायर त्यांनी स्वतः जुळवला होता, स्पीकरची सागवानी खोकीही त्यांनीच बनवलेली. रविवारी सकाळी आळीतली माणसं ऐकायला यायची आणि सतरंजीवर दाटीनं बसायची. चिवड्याची बशी मध्यंतरापर्यंत झाकलेली, कारण चावण्याचा आवाज होतो. रेकॉर्ड संपली की कुणीतरी हळूच "पुन्हा" म्हणायचं, आणि पुन्हा तीच लागायची.

विराजच्या काळात सगळं उलटं झालं. ऐकणारा एकटा, आणि हेडफोन ढीगभर. खोलीच्या भिंतींना काळा स्पंज, दार बंद. हेडफोन तपासून तो त्यांचे व्हिडिओ करायचा, बघणारे पार दुबईपर्यंत. गाणं कुणाचं हे कुणी विचारत नसे; खर्ज किती खोल जातो एवढंच विचारायचे. वडिलांच्या सागवानी खोक्यांत तो चपला ठेवायचा. मी बोलले की हसायचा. "आई, तुमच्या वेळच्या लोकांना अर्धं ऐकूच येत नव्हतं." कानांचा त्याला फार गर्व. त्या दोन कानांवरच त्याचं सगळं उभं होतं.

यजमानांची एक जुनी टेप घरात होती. आमचं लग्न झालं त्या सुमाराला त्यांनी पासलीच्या धोंडाबाईच्या ओव्या उतरवून घेतल्या होत्या, ती दळत असताना. विराजनं ती ऐकली आणि म्हणाला, बाई मध्ये मध्ये येते, पण खालचा जात्याचा आवाज भारी आहे. तोच त्याला नव्या यंत्रांवर हवा होता. ओळख काढायला मी सोबत गेले. नसरापूरवरून वेल्हे, तिथून पासली.

धोंडाबाई जिवंत होती, वाकलेली. निरोप आधीच गेल्यामुळं केस विंचरून, ठेवणीतलं लुगडं नेसून बसली होती. सुपात नाचणी निवडून ठेवली होती. कुठली ओवी आधी म्हणू, असं तिनं मलाच विचारलं.

विराजनं तिला सांगितलं की आवाज नको. आणि दाणेही नकोत, त्यांची खरखर येते.

"मंग म्या कशाला?"

"दगड फिरवायला, आजी."

तिची नातसून सोनिया दारात उभी होती, तिनं मान खाली घातली. म्हातारीनं सूप बाजूला सारलं.

"रिकामं जातं फिरवू न्हाई, बाळा. ते घास मागतं."

"मागू दे की. माझ्या नावानं फिरवा."

तिनं त्याच्याकडं बोट केलं. मग मला विचारलं, "तुमचंच लेकरू न्हवं, वैनी?" मी हो म्हणाले. ती पदर खोचून जात्याशी बसली.

त्यानं तिला पुन्हा पुन्हा फिरवायला लावलं. तळहाताला फोड आले तेव्हा सोनिया पुढं झाली. विराज म्हणाला, नको, लय बिघडेल. म्हातारीचे ओठ सारखे हलत होते. आवाज नव्हता. ओवीत कुणाचं तरी नाव घ्यावं लागतं, एवढं मला आठवलं.

त्यानं व्हिडिओत टाकलेला तो आवाज लोकांनी डोक्यावर घेतला. नवा हेडफोन घेतला की आधी पासलीचा दगड लावायचा, अशी रीतच पडली. विराजनं मलाही ऐकवला. माझं माहेर हिर्डोशीचं, लहानपणी मी पहाटे दळलंय. तो आवाज रिकाम्या जात्याचाच होता, दगडावर दगड, दात शिवशिवतील असा.

संक्रांतीनंतर मी तो पुन्हा ऐकला. आता तो मऊ झाला होता. जात्यात घास पडल्यावर होतो तसा, भरलेला.

"यात काही बदललंस का?"

"काहीच नाही," तो म्हणाला. पण लोकही लिहीत होते की दर वेळी खर्ज जास्त भरदार लागतो. तो खूश होता.

त्याच आठवड्यात त्याला कुकरची शिट्टी ऐकू आली नाही. मग दाराची बेल. मग मी. पुण्याच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि कान उत्तम आहेत म्हणून सांगितलं. तो हेडफोन बदलत राहिला.

एका दुपारी जेवताना तो म्हणाला, "आई, बंद कर ना ते."

घरात काहीच चालू नव्हतं. वीजही गेली होती.

पाटीवर लिहून मी विचारलं, काय ऐकू येतंय?

"जातं. आणि ती गातेय."

काय गातेय?

त्यानं ताट सरकवलं. "माझं नाव."

मी एकटीच पासलीला गेले. धोंडाबाई संक्रांतीच्या आदल्या दिवशी वारली होती. शेवटी वाचा गेली होती, पण उजवा हात गोल गोल फिरत होता, असं सोनियानं सांगितलं. मी सोनियाकडं नाचणी मागितली. विराजचं नाव घेऊन जात्यात घास घातला आणि खुंटा धरून जातं फिरवलं.

दाणे अख्खेच्या अख्खे बाहेर आले.

मी पुन्हा घास घातला. पुन्हा तसेच.

"वैनी, ऱ्हाऊ द्या," सोनिया म्हणाली. "त्येला ह्ये नगं."

सोनिया आता नसरापूरला राहते. जातं तिनं पासलीलाच सोडलं. विराजचा व्हिडिओ अजून आहे, काढता येत नाही म्हणतात, आणि रोज नवी माणसं तो कानाला लावतात. विराज माझ्याजवळ असतो. त्याला पूर्ण बहिरेपण आलंय. जेवतो नीट, तरी दर महिन्याला त्याच्या कपड्यांच्या शिवणी आत घ्याव्या लागतात. सागवानी खोकी मी पुसून पुन्हा दिवाणखान्यात ठेवली आहेत. ऐकायला कुणी येत नाही.

सकाळी तो उठला की मी उशीचा अभ्रा बदलते. दोन्ही कानांच्या जागी चिमूट चिमूट पांढरं काही पडलेलं असतं. पहिल्यांदा भिंतीचा चुना वाटला, म्हणून बोटांत घेऊन पाहिलं. आता नुसता अभ्रा झटकते, बोट लावत नाही.

नुकतं दळलेलं पीठ कोमट असतं.