येडगावची भरती

स्नेहल राजुरीची. शिकायला मुंबईला, आणि शिकत काय होती म्हणाल, तर समुद्र. पाण्याचं भौतिकशास्त्र, माशांचं जीवशास्त्र, यंत्रांची जुळणी, सगळं एकाच पदवीच्या ताटात वाढलेलं. "म्हंजी नक्की व्हणार काय तू?" कुंडलिकमामा दर सुट्टीला विचारायचा आणि तिला दर वेळी वेगळं उत्तर सुचायचं.

यंदा ती आली ती स्वतः जुळवलेलं यंत्र घेऊन. हातभर नळकांडं. तळाशी ठेवलं की डोक्यावरच्या पाण्याचा भार दर दहा मिनिटांनी टिपायचं. समुद्राची भरती-ओहोटी मोजायची तर आधी स्थिर पाण्यात दहा दिवस सरळ रेघ काढून दाखव, तरच संशोधनाच्या जहाजावर जागा, अशी तिच्या मॅडमची अट. मामाचं शेत येडगाव धरणाच्या काठाला. त्याच्या पाण्याच्या मोटारीच्या पाइपाला तिनं नळकांडं बांधलं.

"कसली भरती मोजतीस? पोलिसांची का मिल्ट्रीची?" मामा हसला आणि लगेच त्यानं जीभ चावली.

भरतीचं नाव घरात कोणी काढत नसे. स्नेहलचा थोरला भाऊ भरत तीनदा मिलिटरीच्या भरतीला गेला आणि तिन्हीदा छातीत अडला. फुगवून ब्याऐंशी सेंटीमीटर लागायची, हा पठ्ठ्या ऐंशीवर थांबायचा. आई, साळुबाई, रोज सकाळी त्याला ओट्यावर उभा करून शिंप्याच्या टेपनं मोजायची. "आज तरी छाती भरती का रं?" शेवटी वैतागून तो मालवाहू जहाजावर खलाशी म्हणून गेला, आणि दोन वर्षांपूर्वी भर समुद्रात डेकवरून नाहीसा झाला. कंपनीचं पत्र आलं, भरत आला नाही. आईनं त्याचं दहावं घालू दिलं नाही. भरतीला गेलाय, येईल, एवढंच म्हणत ती ओट्यावर बसून असायची.

स्नेहलला जहाजावर जागा हवी होती ती एवढ्याचसाठी. ते जहाज त्याच ठिकाणावरून जाणार होतं. तिथलं तांब्याभर पाणी आईपुढं ठेवायचं, तिला पोटभर रडू द्यायचं आणि हे एकदाचं संपवायचं.

पाचव्या दिवशी तिनं यंत्र वर काढून लॅपटॉपला जोडलं. रेघ सरळ नव्हती. दिवसातून दोनदा चढत होती, दोनदा उतरत होती.

यंत्र बिघडलं असणार, दुसरं काय! तिनं ते घरी बादलीत ठेवून पाहिलं. तिथं रेघ सरळ. हवेच्या दाबाचा खेळ म्हणावा, तर तो रोज ठरल्या वेळीच होतो, आणि हा चढ रोज पन्नास मिनिटं उशिरानं येत होता. थेट चंद्राच्या हिशेबानं. समुद्र सह्याद्रीच्या पार पलीकडं, आणि धरणाला भरती. आता बोला!

तिनं यंत्र परत पाण्यात सोडलं. मामानं काठच्या खडकावर पाण्याला लागून ऑइलपेंटची रेघ मारली आणि चढाच्या वेळी दोघं तिथं बसून राहिले. पाणी रेघेवरून बोटभरही हललं नाही. यंत्र काढून पाहिलं, तर त्यात चढ होता. पाणी तेवढंच, भार मात्र दीड मीटर पाण्याइतका जास्त.

"पोरी, म्हंजी पाण्यावर कायतरी येऊन बसतंय," मामा म्हणाला. यंत्र त्यानंच परत पाण्यात सोडलं, पण त्या दिवशी मोटार चालू केली नाही.

प्रत्येक ठिकाणची भरती वेगळी, वेळेनं आणि उंचीनं. स्नेहलनं सगळे आकडे संगणकाला दिले आणि विचारलं, ही भरती कुठली? उत्तरात भर समुद्रातली एकच जागा आली. ते अक्षांश-रेखांश तिला ताडून बघावे लागले नाहीत. कंपनीच्या पत्रातले ते आकडे तिला तोंडपाठ होते.

तिनं लॅपटॉप मिटला.

पुढची भरती उद्या दुपारी बारा पन्नासला. ती वेळ तिनं कुठं लिहिली नाही, मामालाही सांगितली नाही. उद्या यंत्र काढून आणायचं आणि जहाजाची वाट न बघता आईशी बोलून टाकायचं, असं तिनं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला आई चांगली साडी नेसून गॅसपुढं भाकऱ्या बांधत होती.

"कुठं निघालीस?"

"येडगावला. भरती हाय ना."

"मामानं सांगितलं?"

"न्हाई गं. भरत आल्ता मघाशी. बारा पन्नासला हाय म्हणला."

स्नेहल तिच्यापुढं येऊन उभी राहिली. "आई, भरत गेला. दोन वर्षं झाली. तो आता येणार नाही."

आईनं तिच्या गालावर हात ठेवला. हात गार होता.

"तवा ऐंशी व्हती गं. आता म्हणला, आई, आता छाती भरती. मीच मोजली की."

तिनं पायात चपला सरकवल्या.

"येतीस ना? तुलाबी बोलावलंय."

आणि ती निघालीसुद्धा.

टेप ओट्यावर पडली होती. स्नेहलनं उचलली. ओली होती, आणि कडेला मिठाचा पांढरा थर धरू लागला होता.

ब्याऐंशीच्या आकड्यावर तिचं बोट थांबलं. ओल त्याच्याही पुढं होती, एकशे चारपर्यंत.