उलटा बसवलेला राजा

मार्कोवालच्या चर्चमधलं राजाचं काचचित्र दुरुस्तीसाठी उतरवायला ओदिल आणि गास्पार या नवराबायकोला नऊ दिवस लागले. ऑक्टोबर होता, बीटच्या गाड्यांनी रस्ताभर चिखल केला होता. परांचीवर वाऱ्याने बोटं बधिर होत. बेर्तमावशी सकाळी चर्च उघडायची, चिकोरीची कॉफी आणून द्यायची आणि बाकावर बसून दोघांच्या कामात चुका काढायची. चर्चच्या किल्ल्या तिच्याकडे होत्या, त्यामुळे तिला तो हक्कच वाटे.

चित्राचे बारा तुकडे होते आणि बाराही राजा फिलिपच्या लढायांचे. राजा वेढा घालतोय, राजा घोड्यावरून पडतोय, राजा पुन्हा चढून समोरच्याचं शिरस्त्राण डोक्यासकट फोडतोय. आठशे वर्षांपूर्वी हे रंगवणाऱ्या कारागिराला लाल काचेची ददात नव्हती. घोड्यांच्या पोटातून आतडी लोंबत होती, आणि त्यांच्यावरही त्याने मन लावून सावल्या घातल्या होत्या.

बारावा तुकडा सगळ्यांत शांत होता. राजाला दरवाजे न उघडणारं गाव पडलंय. सहा माणसं गुडघ्यांवर, हात पाठीमागे बांधलेले, पाठी आपल्याकडे. त्यांच्या मागे तलवार उचललेला एक जण. आणि समोर घोड्यावर बसलेला राजा भलतीकडेच, डावीकडच्या एका झाडाकडे बघत होता.

"ह्याची मान इकडे आणि तोंड तिकडे," गास्पार म्हणाला. "शाळेत गणिताच्या तासाला मी असाच बसायचो."

कार्यशाळेत ओदिलने रिवाजाप्रमाणे आधी काचेवर कागद पसरून काळं मेण घासलं आणि शिशाच्या पट्ट्यांची छाप घेतली. मग पट्ट्या सोडवल्या. राजाचा चेहरा हातात आला तेव्हा तिला चूक कळली. चेहरा उलटा बसवलेला होता. रंगवलेली बाजू नेहमी आत असते. बाहेर ठेवली तर पाऊस नाकडोळे धुऊन नेतो. हा चेहरा मात्र इतकी वर्षं पावसात राहूनही कालच भट्टीतून काढल्यासारखा ताजा होता. 

चेहऱ्याच्या कडेला, पट्टीखाली झाकलं जाईल अशा जागी, कारागिरांनी टोच्याने नावं कोरली होती. तशी चालच आहे. 'मार्ग्रित, विधवा. राजा उलटा बसवला. १५६२.' खाली 'आन्येस, विधवा', १६४१. त्याखाली 'पेरेत, विधवा', १७०९. तिघींनीही तेच लिहिलं होतं.

"म्हणजे दर वेळी कोणीतरी सुलटा केला आणि ह्या बायांनी पुन्हा उलटा," गास्पार म्हणाला. "नवरे सुलटं करणार, बायका उलटं. घरोघरी मातीच्या चुली."

"तेव्हा बाईला कार्यशाळा चालवायला मिळायची ती नवरा मेल्यावरच," ओदिल म्हणाली. "म्हणून लिहायच्या तसं. हुद्दा होता तो त्यांचा."

"ह्या वेळी आपण दोघांची नावं टाकू. विधवा-बिधवा काही नको."

लग्नाला अकरा वर्षं झाली होती, आणि एकाही खिडकीवर दोघांची नावं एकत्र नव्हती. ओदिलला ते फार आवडलं. तिने चेहरा फिरवून नियमाप्रमाणे सुलटा केला. तो कैद्यांकडे बघू लागला आणि चित्राला अर्थ आला. काच बसवताना त्याच चेहऱ्याच्या कडेने गास्पारचा डावा अंगठा हाडापर्यंत कापला. रक्त थांबायला तासभर लागला. पांढरं बँडेज बांधून तो कामाला लागला. गडबडीत नावं कोरायची राहिली.

चित्र चढवलं त्या दिवशी बेर्तमावशी कॉफी हातात धरून तशीच उभी राहिली.

"झाडाकडे बघत होता तेच बरं होतं, पोरी."

"मावशी, तो चुकून उलटा होता. पूर्वी तिघींनी बसवला होता तसा."

"तीनदा चुकून?"

दुसऱ्या सकाळी खिडकीखालचा दगड बसवणारा गवंडी तीबो मेला. ओळंबा पडला म्हणून उचलायला तो गुडघ्यांवर बसला आणि छपरावरची दगडी पाटी निसटून त्याच्या मानेवर आली. ओदिलने पाहिलं. डोकं पूर्ण सुटलं नव्हतं, पण सुटल्यातच जमा होतं. भिंतीवर छातीइतक्या उंचीपर्यंत रक्ताची चिळकांडी गेली होती, आणि गास्पार वेड्यासारखा दोन्ही हातांनी ती मान दाबून धरत होता.

पोलीस आले, छप्पर बघून गेले. छपरावरची एकही पाटी कमी नव्हती. खालची कुठून आली ते त्यांनी लिहिलं नाही.

तीन दिवसांनी चर्च पुन्हा उघडलं. सकाळचं ऊन होतं. ओदिल बाराव्या तुकड्यासमोर उभी राहिली आणि तिने कैदी मोजले. पाच. सहावाही होता, पण त्याला डोकं नव्हतं. ते गवतात पडलं होतं, शिशाच्या पट्टीत नीट बसवलेलं.

तिने पिशवीतून छाप काढली. कागदावर सहाही डोकी खांद्यांवर होती.

"छाप घेताना हललीस तू," गास्पार म्हणाला. पण चेष्टेचा सूर नव्हता.

"मी कधी हलते का?"

"नाही," तो म्हणाला.

बेर्तमावशी मागे येऊन उभी राहिली होती. "गवतातला तीबो आहे. त्याचा फाटका कान ओळखते मी, लहानपणी माझ्याच कुत्र्याने फाडला होता." मग तिने गास्पारकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. "त्याच्या शेजारचा कोण, ते मी नाही सांगणार."

ओदिल परांची चढली. दुसऱ्या कैद्याची पाठ तिच्याकडे होती आणि बांधलेले हात पाठीवर होते. डाव्या अंगठ्याला पांढरी काच होती. तिथे पांढरी काच तिने बसवली नव्हती.

तलवार आता खांद्यापर्यंत खाली आली होती.

"गास्पार, बाहेर जा!"

"अगं, झालं काय?"

"चर्चच्या बाहेर जा म्हणते ना! मावशी, न्या त्याला!"

"तुला वर एकटीला सोडून? वेडी आहेस का?"

तिने चाकू घातला. शिसं मऊ असतं. पट्टी उलगडली, तुकडे सुटून खाली फरशीवर वाजले. राजाचा चेहरा तिने नखांनी ओढून काढला. बोटं कापली, कळलंही नाही. त्या भोकातून गार वारा आणि उघडं ऊन आत आलं.

तिने चेहरा फिरवला, उलटा बसवला आणि अंगठ्यांनी पट्टी दाबत गेली.

राजा झाडाकडे बघू लागला.

तलवार होती तिथेच थांबलेली दिसली. ओदिल रडत हसली. आपण जिंकलो, असं तिला वाटलं. जिवात जीव आला. कडेची पट्टी अजून उघडी होती, म्हणून खिशातला टोचा काढून तिने तिघींच्या खाली आपलं नाव कोरलं. ओदिल. पुढची जागा मोकळी ठेवली.

"वर ये रे," तिने हाक मारली. "तुझं नाव तूच टाक."



तिने खाली पाहिलं. पडलेले तुकडे वेचायला गास्पार वाकला असणार. तो गुडघ्यांवर होता. खिडकीतला लाल उजेड त्याच्या पाठीवर पडला होता. हात मागे होते, मनगटावर मनगट.

"चेष्टा नको, गास्पार."

"ओदिल," तो म्हणाला. "मला हात सोडवता येत नाहीत."

बेर्तमावशी दाराशी उभी होती. तिने डोळे मिटले नाहीत.

"हुकूम सुटल्यावर राजे दुसरीकडेच बघतात, पोरी," ती म्हणाली.

खाटकाच्या ओट्यावर येतो तसा आवाज आला.

एकदाच.

पोलिसांनी वरून काच पडली असावी असं लिहिलं. फरशीवरचे सगळे तुकडे त्यांनी तपासले. एकालाही रक्त नव्हतं. ओदिल परांचीवरून कशी उतरली ते तिला आठवत नाही. त्याचं डोकं मांडीवर घेऊन ती बसली होती, आणि ते कोणी काढून घेऊ लागलं की चावत होती, एवढं बेर्तमावशीने नंतर सांगितलं.

दफनानंतर आठव्या दिवशी ती परत चर्चमध्ये आली, कारण पट्टी उघडीच होती आणि अर्धवट काम सोडायची तिला सवय नव्हती. राजा झाडाकडे बघत होता. सहाही कैद्यांची डोकी खांद्यांवर होती, छापेतल्यासारखी. दुसऱ्याच्या अंगठ्याला पांढरी काच तेवढी राहिली होती.

तिने टोचा काढला. आपल्या नावापुढे जी जागा त्याच्यासाठी ठेवली होती, तिथे तिने वरच्या तिघींचा शब्द कोरला, राजा उलटा बसवला हे लिहिलं आणि साल घातलं. मग वाचून पाहिलं.

चारही ओळींचं अक्षर एकच होतं.