जेठीभाभीचा आवाज

“भाभी, निदान आज तरी दोन शब्द गोड बोलायचेस! मी पुस्तक उघडलं की तू उठून बाहेर चालती व्हायचीस... माझं शिकणं तुला कधी पाहवलंच नाही!”

ईश्वरीनं ट्रंकेचं झाकण आपटलं. पुण्याच्या एका कचेरीत, पुढं काय शिकावं, कोणता पेशा धरावा, असा सल्ला मुलांना देण्याची नोकरी तिला लागली होती. आणि आजपासून ती तिथंच राहणार होती. कायमची!  तोंड उघडलं तर रडूच फुटेल, म्हणून जेठी बापडी खाली मान घालून पापडाचं पीठ मळत राहिली.

कसे दिवस होते ते! फाळणीत कराचीहून बोटीनं निघालेली माणसं पिंपरी कॅम्पातल्या बराकीत येऊन पडली. सासू बोटीवरच गेली, आणि बारा वर्षांची ही नणंद नव्या नवरीच्या, जेठीच्या, पदरात आली. नवरा टहिलराम कापडाचं गाठोडं घेऊन गावोगाव हिंडे, ही घरी पापड लाटे. पण लाटता लाटता तिनं ‘लाडा’, म्हणजे सिंधी लग्नगीतं, सुरू केली, की शेजारची भांडणंसुद्धा थांबायची! मग ईश्वरीच्या हाती मराठी पुस्तकं आली... परक्या भाषेशी झुंजणारी ती पोर एका संध्याकाळी कानांवर हात ठेवून रडली, आणि जेठीनं घरातलं गाणं बंद केलं ते केलंच. हाती लाटणं आलं की ओठांवर गाणं येणारच, म्हणून ती पोळपाट उचलून बाहेरच जाऊ लागली. ईश्वरी मॅट्रिक झाली, रोज गाडीनं पुण्याच्या कॉलेजात जाऊन एम.ए. झाली... पण आपण बाहेर का जातो, याचं जेठीनं अवाक्षर काढलं नाही. सांगितलं असतं तर पोरीनं पुस्तकच मिटलं असतं!

इतक्यात गावठाणातल्या शालनबाई दुधाची चरवी घेऊन दारात आल्या. त्यांनी सारं ऐकलं होतं.

“आगं, कुनाला बोलतीस पोरी? ही बया रोज सांजच्याला आमच्या गोठ्यात येऊन पापड लाटायची. आन् गायची अशी, की आमची मारकी म्हस बी पान्हा सोडायची! म्या म्हनलं, घरी का गात न्हाईस? तर म्हनं, आमची ईश्वरी अभ्यास करतीया.”

“शालनबाई, पुरे करा ना...” जेठी पुटपुटली.

ईश्वरी ट्रंक सोडून भाभीजवळ आली. जिला ती मत्सरी समजली, ती माउली इतकी वर्षं तिच्यासाठी स्वतःच्याच घरात मुकी झाली होती! तिनं भाभीचे पिठाळ हात छातीशी धरले.

“भाभी, उद्यापासून मी परक्या मुलांना विचारणार, तुला काय व्हायचंय म्हणून... तुला कुणी कधी विचारलं का गं?”

जेठीला आधी हसूच आलं. मग डोळे भरले.

“मला ना... एकदा घरात मोठ्यानं गायचं होतं.”

“मग गा ना! मी कुठं जात नाही. रोज गाडीनं ये-जा करीन.”

जेठीचा आवाज पहिल्या ओळीला फाटला... दुसऱ्या ओळीला मोकळा झाला. त्या गाण्याचे शब्द एम.ए. झालेल्या ईश्वरीला आता आठवत नव्हते. ती नुसत्या टाळ्या वाजवत राहिली.